अर्जातला ‘निर्माता’ हा रकाना : नागपुरातील एका मराठी पॉडकास्टने संघटनेचे सभासदत्व घेतले, त्याचे प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातील पॉडकास्ट २०२० च्या टाळेबंदीत नागपुरात सुरू झाला. पूर्व विदर्भातील झाडीपट्टीची नाटके, दंडार आणि खडी गंमत हे लोककलाप्रकार, नागपूरची मारबतीची मिरवणूक आणि त्यामागची माणसे असा त्याचा विषय. काम करणारे तिघे. निवेदिका महाविद्यालयात मराठी शिकवत असत आणि काही वर्षे आकाशवाणीवर नैमित्तिक निवेदनही करत होत्या. ध्वनिमुद्रक हा लग्नसमारंभ आणि ऑर्केस्ट्रासाठी साउंड पुरवणारा तरुण, तर व्यवस्थापक हे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांच्या वडसा-देसाईगंजच्या नाटक मंडळ्यांमध्ये जुन्या ओळखी असल्याने पाहुणे मिळवण्याचे काम आपोआपच त्यांच्याकडे आले. तरुण या दोघांना ‘ताई’ आणि ‘काका’ म्हणतो, आणि पुढे कागदोपत्री कटुता आली तेव्हाही हे संबोधन सुटले नाही, ही नोंद येथे अस्थानी ठरू नये. नावे, कार्यक्रमाचे शीर्षक आणि ओळख पटेल असे तपशील तिघांच्या इच्छेनुसार वगळले आहेत.

ध्वनिमुद्रण धरमपेठेतील निवेदिकेच्या घरातल्या मागच्या खोलीत होत असे. एप्रिल-मे महिन्यांत कूलर सुरू ठेवून मुद्रण करता येत नाही आणि तो बंद ठेवून बसवत नाही, म्हणून उन्हाळ्यातले बहुतेक भाग रात्री उशिरा, खिडक्यांना गोधड्या लावून मुद्रित झालेले आहेत. दिवाळीनंतर झाडीपट्टीचा हंगाम सुरू झाला की ध्वनिमुद्रक यंत्र घेऊन गावोगावी जाई आणि रात्रभर चाललेल्या नाटकांमधून, रंगपटातून, कलावंतांच्या मुक्कामातून आवाज गोळा करून आणी. श्रोते हळूहळू वाढले. उत्पन्न मात्र स्थानिक दुकानदारांच्या अधूनमधून मिळणाऱ्या जाहिरातींपुरते राहिले. लेखी असे तिघांमध्ये काहीच नव्हते.

अडचण

२०२४ मध्ये तीन गोष्टी एकामागोमाग आल्या आणि त्यांनी हा निवांतपणा मोडला.

पहिली गोष्ट अशी की, झाडीपट्टीवरील एक भाग पॉडकास्ट ऐकवणाऱ्या एका मोठ्या ऑनलाइन मंचावरून अचानक दिसेनासा झाला. नाटकाच्या पार्श्वभूमीवर रंगमंचावर गायलेल्या गाण्याचे काही क्षण त्यात होते. त्या गाण्याची चाल एका जुन्या चित्रपटगीतावर बेतलेली होती, आणि मंचाच्या स्वयंचलित तपासणीने ती ओळखून एका संगीत कंपनीचा दावा लावला होता. विचारणा केली की ठरावीक साच्यातले उत्तर येई आणि माणूस म्हणून कोणाशी बोलावे, हे कळत नसे.

दुसरी गोष्ट वरवर आनंदाची होती. श्राव्य कार्यक्रमांचे वितरण करणाऱ्या एका कंपनीने आजवरचे सर्व भाग आणि पुढील भाग एकरकमी मोबदल्यावर घेण्याची तयारी दाखवली आणि इंग्रजीतला बहुपानी करारनामा पाठवला. रक्कम तिघांच्या दृष्टीने मोठी होती. करारनाम्यात हक्कांचे हस्तांतरण ‘जगभर, सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी’ असे लिहिले होते, आणि पुढील भागांचे पैसे ‘ऐकले गेलेल्या भागांच्या संख्येवर’ अवलंबून ठेवले होते. ती संख्या कोण आणि कशी मोजणार, याचा उल्लेख नव्हता.

तिसरी गोष्ट त्यांच्यापुरती नव्हती. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रसारण सेवा नियमन विधेयकाचा मसुदा सूचनांसाठी जाहीर केला होता, आणि २०२४ च्या मध्यावर सुधारित मसुद्यात स्वतंत्रपणे काम करणारे डिजिटल निर्मातेही येऊ शकतील अशा बातम्या आल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये मंत्रालयाने अधिक सल्लामसलतीनंतर नवा मसुदा काढू असे सांगितले, तेव्हा ही चर्चा शमली. पण मधल्या काळात तिघांना प्रश्न पडला होता की, उद्या अशा कायद्यात नोंदणी करावी लागली, तर आपले म्हणणे मांडणार कोण? मुंबई-दिल्लीतल्या मोठ्या निर्मितीसंस्थांना बोलावणे येईल; धरमपेठेतल्या मागच्या खोलीला येणार नाही, हा त्यांचा तर्क बरोबरच होता.

तपासलेले पर्याय

प्रत्येक अडचणीसाठी स्वतंत्र वकील गाठणे हा पहिला पर्याय. उच्च न्यायालयाचे खंडपीठ असलेल्या नागपुरात वकिलांची वाण नाही. परंतु कॉपीराइटच्या करारांचे काम नेहमी करणारे ओळखीत कोणी नव्हते, आणि दर वेळी फी मोजून मिळणारा सल्ला तेवढ्या प्रकरणापुरताच राहिला असता. विधेयकाच्या प्रश्नाला तर या पर्यायात उत्तरच नव्हते.

परदेशी संघटनांचा विचार ध्वनिमुद्रकाने मांडला. अमेरिकेत १९८८ पासून स्वतंत्र रेडिओ निर्मात्यांची ‘असोसिएशन ऑफ इंडिपेंडंट्स इन रेडिओ’ आहे, २०२० मध्ये स्थापन झालेली ‘पॉडकास्ट अकॅडमी’ ‘अँबी’ पुरस्कार देते, आणि ब्रिटनमध्ये ‘ऑडिओ यूके’ ही निर्मितीसंस्थांची संघटना आहे. प्रशिक्षण आणि ओळखी यांच्या दृष्टीने अशा ठिकाणी शिकण्यासारखे पुष्कळ असते. पण तिथले नमुना-करार तिथल्या कायद्यावर उभे असतात, आणि १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यातील हस्तांतरणाच्या तरतुदींबद्दल त्यांच्याकडून सल्ल्याची अपेक्षा ठेवणे रास्त नव्हते. हा पर्याय एका बैठकीत निकालात निघाला.

व्यवस्थापकांचा कल मात्र नागपुरातच संघटना काढण्याकडे होता. १९२३ मध्ये स्थापन झालेल्या विदर्भ साहित्य संघाचे उदाहरण ते वारंवार देत. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० नुसार किमान सात व्यक्ती लागतात. महाराष्ट्रात त्यासोबत सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था म्हणूनही नोंद होते, आणि मग दरवर्षी हिशेबतपासणी, कार्यकारिणी बदलली की बदल अर्ज, असे धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातले काम मागे लागते. सात नावे गोळा झाली असती. सात माणसे टिकली असती की नाही, याची शंका निवेदिकेने बोलून दाखवली. माझ्या मते ती शंका योग्य होती, कारण ज्यांना तीन माणसांतले व्यवहार कागदावर आणता आले नव्हते, त्यांनी सात जणांची घटना लिहायला बसणे हे क्रम चुकवणे ठरले असते.

उरला तो देशपातळीवरील पॉडकास्ट निर्मात्यांच्या एका संघटनेचे सभासद होण्याचा पर्याय. या संघटनेत व्यक्ती, निर्मितीसंस्था आणि मताधिकार नसलेले सहयोगी असे तीन वर्ग होते. सभासदांना नमुना-करार, पॅनेलवरील वकिलाकडून करारनाम्याची तपासणी आणि प्रशिक्षण मिळत असे, आणि धोरणांच्या मसुद्यांवर संघटना आपले लेखी म्हणणे सादर करत असे.

चौकशी

येथे व्यवस्थापकांची बँकेतली सवय कामी आली. माहितीपत्रकावर न थांबता त्यांनी घटना, मागील वर्षाचे तपासलेले हिशेब आणि कार्यकारिणीची यादी मागवली. हिशेब वाचताना त्यांच्या लक्षात आले की, करारनामा पाठवणारी वितरण कंपनी याच संघटनेची सहयोगी सभासद आहे आणि वार्षिक संमेलनाच्या खर्चाचा मोठा वाटा ती उचलते. वर्गणीचा आकडा कितीही कमी असला, तरी ज्याच्याशी वाटाघाट करायची तोच संघटनेचा आश्रयदाता असणे ही दुर्लक्ष करण्याजोगी बाब नव्हती.

ध्वनिमुद्रकाचे मत येथेच थांबावे असे होते. निवेदिकेने संघटनेला पत्र लिहून थेट विचारले की, सहयोगी सभासदाला मत असते का, आणि त्याच्याच करारनाम्याची तपासणी पॅनेलवरील वकील करतो तेव्हा तो मजकूर कोणाकोणाला दिसतो. उत्तर आले ते असे : मताधिकार नाही, तपासणीचा मजकूर सभासद आणि वकील यांच्यापुरता राहतो, आणि देणगीदारांची यादी हिशेबात जाहीर केली जाते. उत्तर समाधानकारक होते असे म्हणता येईल. निःशंक करणारे होते असे म्हणता येणार नाही. तिघांनी ही गोष्ट मान्य करून पुढे जायचे ठरवले, आणि वाटाघाटीत संघटनेचे नाव न वापरता केवळ वकिलाचा सल्ला वापरायचा, असेही ठरवले. या प्रकरणातला सर्वांत शहाणपणाचा निर्णय मला हाच वाटतो.

व्यवस्थापकांनी आणखी एक प्रश्न विचारला होता : संघटना निर्मात्यांसाठी किमान दर ठरवून देते का? नकार आला, आणि तो त्यांना तोंडदेखला वाटला. वस्तुतः तो कायद्याला धरून होता. स्पर्धा अधिनियम, २००२ च्या कलम ३ नुसार एकाच व्यवसायातील लोकांच्या संघटनेने दर ठरवणे हे स्पर्धेला बाधक मानले जाते, आणि पश्चिम बंगालमधील चित्रपट व दूरचित्रवाणी कलावंत-तंत्रज्ञांच्या समन्वय समितीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये अशा संघटनांची सामूहिक कृतीही या कलमाखाली येते, असे स्पष्ट केले आहे. सभासद होणाऱ्यांच्या मनात कामगार संघटनेचे चित्र असते आणि ते येथे लागू पडत नाही. तसेच ही संघटना म्हणजे कॉपीराइट सोसायटीही नव्हे. संगीताच्या वापराचे परवाने देण्याचे काम कायद्याने नोंदणीकृत सोसायट्यांचे आहे, आणि गीत-संगीताच्या बाबतीत ते इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी (आयपीआरएस) करते.

घोडे अडले ते येथे

अर्ज भरायला तिघे निवेदिकेच्या घरी जमले. लॅपटॉप ध्वनिमुद्रकाच्या मांडीवर होता. कार्यक्रमाचे नाव, भाषा, पहिल्या भागाची तारीख हे भरून झाल्यावर ‘निर्माता तथा हक्कधारक’ असा रकाना आला आणि त्याने विचारले, “ताई, नाव कोनाचं टाकू?” काका म्हणाले, “ताईचंच टाक ना, तिचाच तर कार्यक्रम आहे.” निवेदिका काही बोलल्या नाहीत. ध्वनिमुद्रकाने लॅपटॉप मिटला आणि फीडचे, म्हणजे ज्यातून भाग सगळ्या मंचांवर पोहोचतात त्याचे, खाते आपल्या ईमेलवर असल्याची आठवण करून दिली.

कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणजे त्याचा निर्माता, आणि निर्माता म्हणजे ते काम करण्यात पुढाकार घेणारी व जबाबदारी उचलणारी व्यक्ती. पुढाकार निवेदिकेचा होता हे खरे. पण मुद्रण, संकलन आणि होस्टिंगचे खाते ध्वनिमुद्रकाचे होते, आणि प्रवास, यंत्रे, वार्षिक शुल्क हे सारे व्यवस्थापकांच्या खिशातून गेले होते. तिघांनाही आपापल्या जागी हक्क सांगता आला असता. वितरण कंपनीच्या करारनाम्यात सही करणाऱ्याने आपण एकमेव हक्कधारक असल्याची हमी द्यायची होती, हे आता त्यांच्या ध्यानात आले. म्हणजे त्या करारावर घाईने एकाने सही केली असती, तर खोटी हमी दिल्याचा ठपका त्याच्यावर आला असता.

अर्ज काही आठवडे भिजत पडला. निवेदिकेने व्यक्ती म्हणून सभासद व्हावे, हा सोपा मार्ग होता. वर्गणीही कमी होती. परंतु नियमावलीनुसार करार-तपासणी सभासदाच्या स्वतःच्या हक्कांपुरतीच मिळणार होती, आणि त्यामुळे मूळ प्रश्न पुन्हा दारात उभा राहिला असता. अखेर निर्मितीसंस्था म्हणून अर्ज करायचे ठरले आणि त्यासाठी आधी भागीदारी करायचे.

केलेली कृती

भागीदारीचा करार मुद्रांकावर मराठीत लिहिला गेला. १९३२ च्या भागीदारी कायद्यात वेगळे ठरलेले नसेल तर नफ्याचे वाटे समान धरले जातात. येथे ते समान न ठेवता निवेदिका आणि ध्वनिमुद्रक यांना जास्त, आणि व्यवस्थापकांना आधी झालेल्या खर्चाची परतफेड आणि शिवाय एक लहान वाटा, असे तिघांच्या संमतीने ठरले. नोंदणी न झालेल्या भागीदारी संस्थेला करारातून उद्भवणाऱ्या हक्कासाठी बाहेरच्यावर दावा लावता येत नाही, म्हणून निबंधकाकडे नोंदही केली. आधीचे सर्व भाग संस्थेच्या नावे करण्याचे स्वतंत्र लेखी हस्तांतरण तिघांनी सही करून दिले, कारण हस्तांतरण लेखी आणि सहीचे असावे लागते.

फीडच्या खात्याचा ईमेल बदलून तो संस्थेचा केला. ही बाब किरकोळ वाटते, पण पॉडकास्टची मालकी पडताळताना मंच फीडमधल्याच ईमेलवर संकेतांक पाठवतात. ज्याच्या हाती तो ईमेल, त्याच्या हाती व्यवहारात कार्यक्रम. ध्वनिमुद्रकाने संकेतशब्द एका पाकिटात लिहून दोघांसमोर बंद केला आणि ते पाकीट काकांच्या बँकेच्या लॉकरमध्ये गेले.

पाहुण्यांच्या संमतीचा प्रश्न सर्वांत वेळखाऊ ठरला. कलावंताचा आपल्या सादरीकरणावरील हक्क कायद्याने पन्नास वर्षे टिकतो, आणि आजवर सगळ्यांची संमती तोंडी होती. संघटनेचा संमतीपत्राचा नमुना इंग्रजीत होता आणि दंडारीतल्या वयोवृद्ध कलावंताला तो देऊन सही मागणे हे केवळ उपचार ठरले असते. निवेदिकेने तो साध्या मराठीत नव्याने लिहिला, आणि मुद्रणाआधी तो मोठ्याने वाचून दाखवून कलावंताचा होकार ध्वनिमुद्रित करायचा व मग सही किंवा अंगठा घ्यायचा, अशी पद्धत घातली. जुन्या पाहुण्यांपैकी बहुतेकांनी संमती दिली. एक कलावंत दरम्यान वारले होते. त्यांच्या मुलांपैकी एकाने सही केली, दुसऱ्याने अद्याप केलेली नाही, आणि तो भाग करारातून वगळावा लागला.

निष्पत्ती

सभासदत्व मिळाल्यावर पहिली निराशा लगेच पदरी पडली. सभासद होण्याआधी उद्भवलेल्या वादाला साहाय्य मिळणार नाही, असा नियम होता. त्यामुळे काढून टाकलेल्या भागाबद्दल संघटनेने हात वर केले. पॅनेलवरील वकिलाने अनौपचारिकपणे एवढेच सांगितले की, मूळ ध्वनिमुद्रिका वापरलेली नसली तरी चाल आणि शब्द यांच्यासाठी परवाना लागतोच. गाण्याचा तुकडा कापून भाग पुन्हा चढवला गेला. त्या गाण्याशिवाय तो भाग लंगडा वाटतो, हे ध्वनिमुद्रकाचे म्हणणे ऐकणाऱ्याला पटते.

करारनाम्यावर अजून सही झालेली नसल्याने त्याची तपासणी मात्र नियमात बसली, आणि येथे वर्गणी वसूल झाली. कायद्यानुसार हस्तांतरणाच्या करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. पण येथे ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ असे स्पष्ट लिहिलेले असल्याने या संरक्षणाचा उपयोग नव्हता. हक्क घेणाऱ्याने वर्षभरात ते वापरले नाहीत तर हस्तांतरण संपुष्टात येते, अशी कलम १९ च्या पोटकलम ४ मध्ये तरतूद आहे, आणि करारनाम्याच्या शेवटच्या पानावर हेच पोटकलम लागू राहणार नाही, अशी एक ओळ होती. तिघांनीही ती वाचली होती. अर्थ वकिलाने सांगितला.

संख्येच्या मोजणीबाबत ऑनलाइन जाहिरातींची मानके ठरवणाऱ्या आयएबी टेक लॅब या संस्थेचे मानक करारात घालावे, अशी सूचना मिळाली. त्यानुसार किमान एक मिनिटाचा ध्वनी उतरवला गेला तरच डाउनलोड धरतात आणि एकाच ठिकाणाहून चोवीस तासांत आलेल्या त्याच भागाच्या मागण्या एकदाच मोजतात. २०२३ मध्ये ॲपलने फोनवरील आपोआप उतरवण्याची पद्धत बदलल्यावर जगभर अनेक कार्यक्रमांचे आकडे घसरले होते, त्यामुळे मोजणी अस्पष्ट ठेवण्यात तोटा कोणाचा, हे सांगायला नको.

कंपनीने आधी दीर्घ मौन पाळले. मग जुने भाग सोडून केवळ नव्या भागांचा, तीन वर्षांचा, फक्त श्राव्य माध्यमापुरता परवाना घेण्याची तयारी दाखवली. रक्कम अर्थातच बरीच कमी झाली. व्यवस्थापकांना ही घट लागली. “एवढ्यात तर गावचा प्रवासच निघते,” असे ते म्हणाले, आणि तरीही सही तिघांनी केली.

प्रतिनिधित्वाच्या बाबतीत अनुभव संमिश्र आहे. संघटनेच्या लेखी निवेदनांत प्रादेशिक भाषांचा उल्लेख एखाद्या परिच्छेदापुरता असतो. वार्षिक सभा मुंबईत होते, मत ऑनलाइन देता येते, पण ठराव मांडायचा तर आधी अनुमोदक मिळवावे लागतात, आणि विदर्भातून सभासद मोजकेच. या बाजूने झालेली एकमेव ठोस गोष्ट म्हणजे निवेदिकेचे मराठी संमतीपत्र आणि तोंडी वाचनाची पद्धत संघटनेने सर्व सभासदांसाठी नमुना म्हणून स्वीकारली. ती मागून मिळाली नाही. आधी करून दाखवावी लागली.

काय वेगळे करता आले असते

तिघांचा आपसांतला करार अर्जाच्या आधी व्हायला हवा होता, हे उघड आहे आणि त्याबद्दल अधिक लिहिण्याची गरज नाही. सभासदत्वाच्या वेळेचा मुद्दा मात्र विचार करण्याजोगा आहे. अडचण आल्यावर संघटना शोधायची, ही आपली रीत. आणि आधी उद्भवलेल्या वादाला साहाय्य नाही, हा नियम नेमका त्याच रीतीवर बोट ठेवतो. दावा लागण्यापूर्वी सभासदत्व असते, तर भाग परत आला असता असे नाही. पण परवान्याची चौकशी प्रसारणाआधी झाली असती आणि गाणे ठेवायचे की नाही, हा निर्णय यंत्राने घेतला नसता.

व्यवस्थापकांची नागपुरातल्या संघटनेची कल्पना पूर्णपणे बाजूला सारली गेली, ते मला पटत नाही. नोंदणीचा खटाटोप न करता दर दोन-तीन महिन्यांनी एकत्र बसणारा पॉडकास्ट निर्मात्यांचा गट शहरात उभा राहिला, तर मुंबईतल्या सभेत ठरावाला लागणारे अनुमोदकही त्यातूनच मिळतील.

सध्या नूतनीकरणाची नोटीस आलेली आहे. ध्वनिमुद्रक आता इतर दोन कार्यक्रमांचेही मुद्रण करतो आणि त्यांपैकी एकाच्या निर्मात्याने त्याचे पैसे थकवले आहेत. संस्थेचे सभासदत्व त्या कामाला लागू होत नाही, कारण तो तिथे भागीदार म्हणून नव्हे, तर स्वतंत्रपणे काम करतो. आणि बाहेरची कामे घेता येतील की नाही, याबद्दल भागीदारीच्या करारात एक ओळही नाही. त्याने व्यक्ती म्हणून स्वतंत्र सभासदत्व घ्यावे आणि त्याआधी करारात तेवढी दुरुस्ती व्हावी, असे निवेदिकेने सुचवले आहे. थकलेल्या पैशांच्या बाबतीत मात्र संघटनेचा तोच जुना नियम त्याच्याही आड येणार आहे.